घरगुती चर्मकामासाठी लेझर कटर की थ्रीडी प्रिंटर?

घरी पाकिटे, पट्टे किंवा चपलांचे अंगठे करणाऱ्याला रापी (चामडे कापायचे पाते) आणि आरी (छिद्रे पाडायचा टोच्या) यांच्या जोडीला एखादे यंत्र घ्यायचे असेल, तर निवड बहुधा या दोहोंत होते. लेझर थेट चामडे कापतो, टाक्यांची छिद्रे समान अंतरावर पाडतो आणि नक्षीही कोरतो. मात्र कडा काळ्या पडतात व जळक्या केसांसारखा वास दिवसभर घरात राहतो. बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडेच त्याखाली ठेवावे, कारण क्रोमने कमावलेले चामडे जळताना घातक क्रोमियम संयुगे निर्माण होण्याचा धोका असतो आणि पीव्हीसीच्या रेक्झिनमधून हायड्रोजन क्लोराईड हा दाहक वायू सुटतो. धूर बाहेर नेणारा पंखा आणि योग्य चष्मा नसेल, तर लेझर घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थ्रीडी प्रिंटर चामडे कापत नाही, तर ठसे आणि साचे घडवतो. ओलसर केलेल्या, वनस्पतिजन्य कमावणीच्या चामड्यावर पीएलए या प्रिंटरच्या प्लास्टिकचा ठसा शिकंज्यात दाबला, की केळीच्या पानाची नक्षीसुद्धा स्वच्छ उमटते. पीएलए सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे जात असताना, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठसे विसरल्यास ते वाकतात. तरीही लहान मुले असलेल्या घरासाठी मी आधी प्रिंटरच सुचवेन आणि कापणी रापीनेच करावी, असे म्हणेन.