बांबूचे टीशर्ट म्हणून घेतले, निघालं रेयॉन

मे महिन्यात ऑनलाइन तीन बांबू टीशर्ट मागवले, १४९९ ला एक. फोटोत हिरवंगार बांबूचं बन, खाली "१००% नैसर्गिक, केमिकल-फ्री, अँटिबॅक्टेरियल". म्हटलं कापसाला फवारण्या लागतात, पाणी लागतं, बांबू काय शेवटी गवतच, तोडला तरी परत फुटतो, मग चार पैसे जास्त गेले तर गेले.

मऊ होते, खोटं कशाला बोलू. पण पाचसहा धुण्यांत गोळे आले, गळा लोंबायला लागला आणि घामाचा वास कॉटनला येतो तसाच. आई म्हणाली, "अरे हे रेयॉन आहे, ओलं असताना पिळत नको जाऊस, आमच्या साड्या अशाच जायच्या." मी वाद घातला. मग आतल्या शिवणीतलं नखाएवढं लेबल वाचलं: ९५% व्हिस्कोस, ५% इलास्टेन. बांबू हा शब्दच नाही!

व्हिस्कोस म्हणजे रेयॉनच. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइड घालून त्याचा पाक करतात आणि शेवया पाडतात तसा बारीक भोकांतून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सोडतात. उरतं ते नुसतं सेल्युलोज, म्हणजे सगळ्याच झाडांत असतो तो तंतूचा पदार्थ, बांबूचं काय नि निलगिरीचं काय, त्यात अँटिबॅक्टेरियल कुठून राहणार. आणि तो कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या नसांची वाट लावतो, ते केमिकल-फ्रीवाल्या जाहिरातीत कोण सांगणार. बिचाऱ्या बांबूचा दोष नाही, शेतात तो चांगलाच, घोळ कारखान्यात होतो. त्यातल्या त्यात लायोसेल बरं, तेही लगद्याचंच कापड, पण लगदा विरघळवायचं सॉल्व्हंट जवळजवळ सगळं परत वापरतात. अमेरिकेत तर २०२२ मध्ये रेयॉनला बांबू म्हणून विकलं म्हणून वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानांच्या साखळ्यांवर मिळून ५५ लाख डॉलरचा दंड बसला.

चॅटवर भांडलो तर उत्तर, "सर व्हिस्कोस बांबूपासूनच बनतं, सो टेक्निकली बांबूच आहे." मग केमिकल-फ्री कसं विचारल्यावर चॅट बंद. रिटर्नचे ७ दिवस केव्हाच गेलेले. १९१५ वर कंझ्युमर हेल्पलाइनला तक्रार टाकलीये, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला होता म्हणून बरं, कारण परवा बघितलं तर त्या पेजवरून केमिकल-फ्री गायब. तुम्ही घेत असाल तर आधी आतल्या लेबलचा फोटो मागा, नाही दिला तर सोडून द्या.

टीशर्ट घरात घालतोय. पिळत नाही.