‘द लास्ट राइड’ : अंडरटेकरचा लौकिक कितपत सार्थ?

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीपटू मार्क कॅलवे ऊर्फ अंडरटेकर याच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांवर डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीचे कार्यक्रम करणाऱ्या कंपनीने २०२० साली आणलेली ही पाच भागांची माहितीपट मालिका, त्याच्या थोरवीविषयीच्या जुन्या वादात अनपेक्षितपणे टीकाकारांच्याच हाती बराच पुरावा देते. २०१७ साली रोमन रेन्सविरुद्ध झालेली थकलेली लढत आणि २०१९ साली जेद्दाहमध्ये गोल्डबर्गबरोबर थोडक्यात टळलेला मानेचा अपघात कंपनीने स्वतःच्याच निर्मितीत दाखवावा, हा प्रामाणिकपणा मला तिची सर्वांत जमेची बाजू वाटली.

चाहते मात्र अजूनही रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्यातील त्याच्या सलग २१ विजयांचा दाखला देतात, आणि तो मला पटत नाही. निकाल आधीच ठरलेल्या खेळात विजयांची संख्या हे पटकथा लिहिणाऱ्यांचे कर्तृत्व असते, शिवाय १९९३ची जायंट गोंझालेसविरुद्धची कंटाळवाणी लढतही (तीही प्रतिस्पर्धी अपात्र ठरल्याने जिंकलेली) त्यातच मोजली जाते. त्याची खरी कमाई २००७ ते २०१३ या काळातील आहे. चाळिशी ओलांडल्यावर, शॉन मायकल्सबरोबर २००९ आणि २०१० साली त्याने ज्या संयमाने लढती रंगवल्या, प्रत्येक डावाला प्रेक्षकांचा श्वास रोखून धरण्याइतका अवकाश दिला, ते केवळ प्रवेशाच्या वेळच्या काळ्या टोपीच्या आणि घंटानादाच्या बळावर साधत नाही.

दुर्दैवाने मालिकेचा भर २०१७ नंतरच्या काळावर असल्याने या वर्षांना पुरेशी जागा मिळत नाही, आणि निवृत्तीची तीच द्विधा मनःस्थिती वारंवार येत राहते. कुस्तीपटूंच्या ट्रम्प कार्डांच्या खेळावरून त्याला ओळखणाऱ्या आपल्याकडच्या पिढीने आधी २००९ची लढत पाहावी, मग ही मालिका.