फोर्टातले टंकलेखन केंद्र आणि वनखात्याची जुनी कागदपत्रे

गेली अकरा वर्षे मी मुंबई उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील म्हणून काम करते आहे आणि माझ्या वाट्याला येणाऱ्या प्रकरणांत वनखात्याची प्रकरणे सर्वांत जास्त असतात. जुनी कागदपत्रे टंकलिखित करून घेणे, नकाशे स्कॅन करणे, संच बांधून घेणे ही सगळी कामे मी फोर्टातल्या एकाच दुकानाकडे देते. नव्याने नेमणूक झालेले सहकारी या दुकानाविषयी वरचेवर विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण सरकारी वकिलाने एखाद्या व्यावसायिकाची नावानिशी भलामण करणे बरे दिसत नाही. कोर्टापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या लाकडी जिन्याखाली, बाहेर टंकलेखन यंत्राचे चित्र अजून ठेवलेले दुकान म्हटले की फोर्टातल्या कारकुनांना ते बरोबर समजते.

जागा म्हणाल तर दहा बाय बारा फुटांची. दोन झेरॉक्स यंत्रे, नकाशे घेणारा एक रुंद स्कॅनर, तीन टंकलेखक आणि ग्राहकांसाठी एक बाक. मालकांना सगळे काका म्हणतात. उमेदीची वर्षे त्यांनी कोर्टाबाहेर टंकलेखन यंत्र घेऊन काढली आहेत. आता संगणकाचा कारभार त्यांच्या सूनबाई पाहतात आणि काका फक्त तपासणी करतात. ही तपासणी कशी चालते ते सांगण्यापूर्वी आमच्या कामात कागदाला एवढे महत्त्व का आहे, हे थोडे सांगावे लागेल.

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा कायदा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. खाजगी वन कशाला म्हणायचे याच्या व्याख्येत, भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) खाली ज्या जमिनीबाबत (वनाच्या वापरावर निर्बंध का घालू नयेत, अशी मालकाला विचारणा करणारी) नोटीस काढली गेली होती ती जमीनही येते. अशा नोटिसा मोठ्या संख्येने १९५६-५७ च्या सुमारास निघाल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक राजपत्रात छापल्याही गेल्या होत्या. शासनाची भूमिका अनेक वर्षे अशी होती की नोटीस काढली एवढे पुरे, ती मालकाच्या हाती पडली की नाही हे पाहण्याचे कारण नाही. सन २००० मध्ये चिंतामणी वेलकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका मान्यही केली होती. पुढे ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती चूक ठरवली. नोटीस ‘काढली’ याचा अर्थ ती मालकावर बजावली गेली असाच घ्यावा लागेल, कारण त्याशिवाय त्याला हरकत घेण्याची संधीच मिळत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. विक्रोळीच्या जमिनीपासून मुलुंडच्या इमारतींपर्यंत अनेकांचे भवितव्य त्या एका क्रियापदावर ठरले. तेव्हापासून आमच्या प्रकरणांत युक्तिवादाआधी पहिला प्रश्न येतो तो असा : नोटिशीची पोच कुठे आहे?

पोच असते ती नोटिशीच्या मागच्या बाजूला. पट्टेवाल्याने किंवा तलाठ्याने शाईच्या टाकाने किंवा पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी, एखादा अंगठा, पंचाची सही, कधी नुसती तारीख. साठ-सत्तर वर्षांत शाई पुढच्या बाजूला उतरलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी स्कॅन करणारा मुलगा मागची बाजू कोरी समजून सोडून देतो. या दुकानाची पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची शिस्त ही की इथे प्रत्येक जुना कागद पाठपोट स्कॅन होतो. मागची बाजू खरोखर कोरी असली तरी ती कोरी म्हणूनच संचात लागते आणि तिलाही पानक्रमांक पडतो. यामुळे पाने वाढतात, खर्च वाढतो, आणि ‘कोऱ्या पानाचेही पैसे घेता का?’ असा वाद नवीन ग्राहक घालतात. काका तो वाद शांतपणे ऐकून घेतात आणि कागद पुन्हा पाठपोटच लावतात.

या शिस्तीचा मला फायदा झाला तसाच एकदा फटकाही बसला. एका प्रकरणात नोटिशीची कार्यालयीन प्रत सापडली आहे, एवढ्यावरच खात्याचे अधिकारी खूश होते. संच तयार होऊन आला तेव्हा पाठीमागच्या पानावर स्पष्ट वाचता येत होते : ‘इसम गावी नाही, मुंबईस आहे, सबब परत.’ म्हणजे बजावणी झालेलीच नव्हती. तो कागद मी तसाच दाखल केला आणि त्या मुद्द्यावर आम्ही हरलो. निकालानंतर एका अधिकाऱ्याने मला विचारले, ‘मॅडम, मागची बाजू लावायची काय गरज होती?’ प्रतीखाली ‘खरी प्रत’ म्हणून सही मी करते, त्यामुळे अर्धा कागद खरा म्हणून देता येत नाही, एवढेच उत्तर मी दिले. शासनाच्या वकिलाला शासनाची बाजू मांडायची असते, पण न्यायालयापासून कागद लपवून नव्हे. मात्र त्या अधिकाऱ्यालाही दोष देववत नाही. एकेका जमिनीसाठी ही माणसे वर्षानुवर्षे वनविभाग, तहसील आणि मंत्रालय यांच्यामध्ये हेलपाटे घालत असतात.

दुसरा गुण टंकलेखनाचा. जुनी हस्तलिखिते न्यायालयाला वाचता यावीत म्हणून त्यांची टंकलिखित प्रत सोबत जोडावी लागते. या प्रतीत न वाचता येणारा शब्द आला तर बहुतेक टंकलेखक अंदाजाने जवळचा शब्द बसवून मोकळे होतात. इथे तसे चालत नाही. चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहिले जाते, आणि किती अक्षरे असावीत असे वाटते तेवढे ठिपके दिले जातात. संपूर्ण प्रत काका एकदा मोठ्याने वाचतात आणि सूनबाई मूळ कागदावर बोट ठेवून बसतात. घरी पोथी वाचताना जसा एकाचा पाठ आणि दुसऱ्याचे लक्ष असते, तसेच हे चालते. मी पूर्वी जिथे जात असे त्या दुकानात रायगडमधल्या एका प्रकरणाची प्रत करून घेतली होती आणि तिच्यात सर्वत्र ‘दळी’ या शब्दाच्या जागी ‘डाळी’ पडले होते. दळी म्हणजे पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी कातकरी, ठाकर कुटुंबांना कसायला दिलेले वनजमिनीचे तुकडे. वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांत हे दळी नंबर फार महत्त्वाचे ठरतात. आमच्या प्रतीत मात्र ‘डाळीसाठी दिलेली जमीन’ असे झाले होते आणि समोरच्या वकिलांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, तूर की मूग? कोर्टात सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बदलले.

आकड्यांच्या बाबतीत तर काकांची नजर एखाद्या निवृत्त भूमापकाची वाटावी अशी आहे. जुन्या उताऱ्यांवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि मध्ये आडवी रेघ असते, उदाहरणार्थ २९-२६. टंकलेखक त्या रेघेचा टिंब करतो आणि २९ एकर २६ गुंठ्यांचे २९.२६ एकर होते. एकराचे गुंठे चाळीस, त्यामुळे मूळ क्षेत्र प्रत्यक्षात २९.६५ एकर असते. म्हणजे एका टिंबाने पंधरा-सोळा गुंठे नाहीसे होतात. हा हिशेब कागदोपत्री बारीक वाटला तरी खाजगी वने अधिनियमाच्या कलम २२-अ मध्ये, संपादनानंतर ज्याची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा कमी उरते त्याला त्या मर्यादेपर्यंत जमीन परत करण्याची तरतूद आहे, आणि १२ हेक्टर म्हणजे जवळजवळ नेमके २९ एकर २६ गुंठेच होतात. अशा प्रकरणात टिंब की रेघ यावर किती जमीन परत जाणार हे ठरते.

नकाशांचे काम हे या दुकानाचे खरे वैभव आहे. कोकणातले बहुतेक जुने गाव नकाशे एका इंचास ३३० फूट या प्रमाणाचे असतात, तर वनविभागाचे नकाशे बऱ्याचदा एका मैलास चार इंच असे असतात. म्हणजे गाव नकाशा वन नकाशावर बसवायचा तर तो लांबी-रुंदीत बरोबर एक चतुर्थांश करावा लागतो. साध्या झेरॉक्स यंत्रावर ‘कागदात बसव’ असा पर्याय दाबला की नकाशा दोन-तीन टक्के आक्रसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लांबीत तीन टक्के गेले की क्षेत्रफळात सुमारे सहा टक्के जातात, शंभर एकरांमागे सहा एकर. शिवाय खाली छापलेले ‘एक इंच = ३३० फूट’ हे वाक्य लहान केलेल्या प्रतीवर सरळसरळ खोटे ठरते. काका स्कॅन करण्यापूर्वी मूळ नकाशाच्या कडेला पारदर्शक पट्टीवर आखलेली मोजपट्टी ठेवतात, त्यामुळे प्रत कितीही लहान-मोठी झाली तरी पट्टी तिच्याबरोबर लहान-मोठी होते आणि अंतर बरोबर मोजता येते. हद्दीवरची फिकट हिरवी किंवा पिवळी रंगछटा टिकावी म्हणून नकाशे रंगीतच स्कॅन होतात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत ती छटा उडाली की राखीव वन कुठे संपते हे नकाशावरून सांगताच येत नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे वेळ. शंभर पानांच्या हस्तलिखित संचाला इथे पाच-सहा दिवस लागतात, आणि सरकारी प्रकरणांत खात्याचे परिच्छेदनिहाय अभिप्रायच (याचिकेतल्या एकेका परिच्छेदावरचे खात्याचे म्हणणे) मुळात तारखेच्या दोन दिवस आधी हाती येतात. विलंब झाला तर शासन म्हणून वेगळी सवलत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे त्या पाच-सहा दिवसांत माझा जीव टांगणीला लागतो. दुसरी तक्रार दरांची : साध्या प्रतीला दोन रुपये हा दर सगळीकडचाच आहे, पण जुन्या हस्ताक्षरातील मराठी मजकुराला पानामागे साठ रुपये घेतात. आणि ‘शासनास उधारी नाही’ अशी पाटी गल्ल्यावर चक्क लावलेली आहे. पैसे आधी मी खिशातून भरते. खात्याकडून ते परत मिळायला किती महिने लागतात ते इथे लिहीत नाही. पावती मात्र जीएसटीसह नीट मिळते, त्यामुळे लेखापालाला आक्षेप घ्यायला जागा उरत नाही.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. गेल्या वर्षापासून दुकानात संगणकाकडून इंग्रजी भाषांतर करून देण्याची सोय सुरू झाली आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने भाषांतर लागतेच, पण ही सोय मी तरी कोणाला सुचवणार नाही. मला मिळालेल्या पहिल्याच भाषांतरात ‘पोटखराबा’ (जमिनीतला लागवडीस अयोग्य भाग) या शब्दाचे ‘स्टमक अपसेट’ झाले होते. काकांना दाखवले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि सूनबाईंकडे पाहिले. भाषांतर मी अजूनही स्वतःच करते.

एक सोय मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. मूळ अभिलेख कार्यालयाबाहेर जातो तेव्हा त्याच्यासोबत खात्याचा माणूस असावा लागतो, त्यामुळे रायगडकडचा एखादा वनरक्षक पहाटेची एसटी पकडून फाइल कापडात बांधून आणतो आणि काम संपेपर्यंत तिथेच थांबतो. अन्य ठिकाणी अशा माणसाला फूटपाथवर उभे राहावे लागते. इथला तो एकुलता एक बाक त्याच्यासाठी मोकळा करून दिला जातो, त्याच्या डोळ्यांदेखत पाने सोडवली आणि पुन्हा त्याच क्रमाने शिवली जातात, आणि निघताना पाने मोजून त्याची सही घेतली जाते. मोडीतले कागद असतील तर मोडी वाचणारे एक गृहस्थ शुक्रवारी दुपारी येतात, हेही लक्षात ठेवावे.

दुकान सकाळी साडेआठला उघडते. सोमवारी सकाळी जाऊ नये, फार गर्दी असते. नकाशा न्यायचा असेल तर घडी घालून नेऊ नका, नळीत गुंडाळून न्या. घडीची रेघ स्कॅनमध्ये हद्दीच्या रेघेसारखीच दिसते, आणि कितीही विनवण्या केल्या तरी काका ती पुसून देत नाहीत.