प्रायव्हसी बॅजर: जाहिरात राहू दे, पाठलाग नको

प्रायव्हसी बॅजर हे ब्राउझरमध्ये टाकायचं एक छोटं एक्स्टेंशन आहे, फुकट आहे, आणि मी ते घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाकलंय. माझा स्वतःचा इंदुरी पदार्थांचा मराठी ब्लॉग आहे, त्यावर जाहिराती आहेत, म्हणजे बॅजरवाला वाचक आला की माझीच कमाई कमी होते, हे आधी सांगून टाकते. तरी म्हणते, टाका.

आता हे करतं काय ते बघा. हा नेहमीचा ॲडब्लॉकर नाहीये. ॲडब्लॉकर जाहिरात दिसली की उडवतो, बॅजर जाहिरातीच्या वाटेला जात नाही, तो फक्त बघतो की तुम्ही उघडलेल्या पानावर दुसरीच कुठली कंपनी लपून बसलीये का आणि ती तुमच्या मागे साईट-साईट फिरतेय का. तीच कंपनी तीन वेगवेगळ्या साईटवर तुमचा माग काढताना सापडली की तिला बंद, मग तिच्याकडून येणारी जाहिरातही दिसत नाही. अमेरिकेतली ईएफएफ नावाची देणग्यांवर चालणारी संस्था हे बनवते, १९९० पासून इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणारी, आणि बॅजर २०१४ पासून आहे. आधी तो तुमच्याच कॉम्प्युटरवर बघून बघून शिकायचा, पण त्या शिकण्यावरूनच तुम्हाला ओळखता येऊ शकतं हे लक्षात आल्यावर २०२० मध्ये त्यांनी ते बंद ठेवायला सुरुवात केली, आता तो शिकूनच येतो. सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येतं पण मी नाही केलं, गरज वाटली नाही.

मला हे हवं होतं ते घरासाठी. आमच्याकडे हॉलमध्ये एकच लॅपटॉप, सासूबाई त्यावर कीर्तन बघतात, दीर बिलं भरतात, मुलगी शाळेचे प्रोजेक्ट करते, आणि रात्री कुणी एखाद्या दुखण्याबद्दल काही वाचलं की दुसऱ्या दिवशी भाजीच्या रेसिपीशेजारी त्याच दुखण्याच्या हॉस्पिटलची जाहिरात येते, सगळ्या घरासमोर. आमच्याकडे राहायला आलेल्या एका मुलीने अजून कुणाशीच न बोललेली गोष्ट अशी जाहिरातीतून फुटता फुटता राहिली, ती इतकी घाबरली होती की मला अजून आठवतं. प्रायव्हसी म्हटलं की लोक म्हणतात आमच्याकडे लपवायला काय आहे. अहो, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईला विचारा ना. कुठली गोष्ट कधी आणि कुणाला सांगायची हे तिने ठरवायचं की कुठल्यातरी जाहिरात कंपनीने?

आणि हे होतं कसं ते ब्लॉग चालवणाऱ्याला जास्त चांगलं दिसतं. माझ्या भुट्ट्याच्या किसाचं पान तुम्ही उघडलं की पान पूर्ण दिसायच्या आत तिथल्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांना तुम्ही कुठल्या गावचे, कुठला फोन, आधी काय काय बघितलं असलं बरंच काही पाठवलं जातं. जिंकतो एकच, पण माहिती हरलेल्यांकडेपण जाते! हे कळल्यावर मला झोप नाही आली. कुठल्याही मोठ्या साईटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून ॲड्स डॉट टीएक्सटी (ads.txt) लिहून बघा, त्या साईटची जागा विकायची परवानगी असलेल्या कंपन्यांची यादीच उघडते, काही बातम्यांच्या साईटवर ती स्क्रोल करून संपत नाही.

एवढं करून ब्लॉगवाल्याला मिळतं काय? साईटवर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्समध्ये जाहिरातदाराच्या पैशातला साधारण ६८ टक्के हिस्सा साईटवाल्याला मिळतो, ऐकायला चांगलं वाटतं, पण मराठी पानाला मुळात भावच कमी लागतो, आणि १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. हिंदी पानांना त्यांनी ॲडसेन्समध्ये २०१४ मध्ये घेतलं, मराठीला २०१८ मध्ये. आमच्यासारख्या छोट्या मराठी ब्लॉगला १०० डॉलर साठायला किती वेळ लागतो हे लिहिणाऱ्यांना माहितीये. म्हणजे वाचकाची एवढी सगळी माहिती जगभर वाटायची आणि त्यातून माझ्या हाती येणार चहा-पोह्यांचे पैसे, हा सौदा मला पटत नाही.

पाठलाग न करता जाहिरात चालत नाही असं जे सांगतात त्यांनी आपले दिवाळी अंक बघावेत, १९०९ पासून ही परंपरा चालू आहे, जाहिरातींवरच चालतात, आणि वाचक कोण आहे हे जाहिरातदाराला कधी माहीत नव्हतं, अंक कसा आहे एवढंच माहीत होतं. नेदरलँड्सच्या सरकारी प्रसारण संस्थेने, एनपीओने, २०२० मध्ये पाठलागवाल्या जाहिराती सोडून नुसत्या कार्यक्रमाच्या विषयावरून जाहिराती लावल्या तर त्यांची कमाई आधीच्या वर्षीपेक्षा वाढली. मी पण एका ओळखीच्या नमकीनवाल्यांचा साधा फोटो लावलाय, पोह्यांच्या पानावर सेवेची जाहिरात, फोटो माझ्याच साईटवर ठेवलेला, पैसे महिन्याचे ठरवून थेट खात्यात. बॅजर त्याला हातसुद्धा लावत नाही कारण त्यात बाहेरचं कुणी नाहीच.

आता कमी काय आहे तेही सांगते. पहिलं म्हणजे यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत, त्या यूट्यूबच्याच असतात. तुम्ही लॉगिन करून ज्या साईटवर बसलात ती साईट स्वतः तुमच्यावर नजर ठेवत असेल तर तिथे बॅजर फारसं काही करू शकत नाही. कधी कधी एखादं पान मोडतं, व्हिडिओच्या जागी चौकोन दिसतो किंवा पेमेंटचं बटण चालत नाही, मग बॅजरच्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्या साईटपुरता बंद करायचा, दोन सेकंदांचं काम आहे पण सासूबाईंना ते मीच करून द्यावं लागतं. आणि फोनवर क्रोममध्ये चालतच नाही, अँड्रॉइडवर फायरफॉक्ससारखा दुसरा ब्राउझर घ्यावा लागतो. आपल्याकडे बहुतेक लोक फोनवरच असतात त्यामुळे ही मोठी अडचण आहे, माझ्या मते सगळ्यात मोठी. ॲपमधला पाठलागही त्याच्या हद्दीत नाही, त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती, आणि तिथे ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातवाले तुमचा फोन ज्याने ओळखतात तो नंबर, डिलीट करा, हे बॅजर टाका न टाका, कराच.

मुलांचं वेगळं सांगते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला बंदी आहे, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य गोष्टी लागू व्हायला वरून आणखी दीड वर्ष दिलंय. माझी मुलगी आत्ता आठवीत आहे, मी तोवर थांबू शकत नाही.

ब्लॉगवाल्यांसाठी एवढंच, ॲडसेन्समध्ये वाचकाच्या सवयींवरून जाहिरात दाखवणं बंद करायची सोय आहे, मी ती बंद केलीये. त्यानेही कुकीज, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या ओळखीच्या छोट्या खुणा, पूर्ण जात नाहीत, तीच जाहिरात परत परत दिसू नये म्हणून थोड्या राहतात, पण बरंच कमी होतं. आणि इंदूरमध्ये कुणाचं मसाल्याचं, पापड-कुरडयांचं किंवा भांड्यांचं दुकान असेल तर मला सरळ मेल करा, पोळी-भाजीच्या पानांवर जागा आहे, वाचकाबद्दल मी तुम्हाला काहीही सांगणार नाही, पान किती वेळा उघडलं तेवढं मात्र नक्की सांगेन.