कॅफे मस्त, पण आमचा डर्बी कोपऱ्यात: नागपूरच्या धरमपेठेतल्या फुटबॉल कॅफेचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कॅफेचं नाव लिहिणार नाहीये. धरमपेठेत आहे, पहिल्या माळ्यावर आहे, खाली मोबाईल कव्हरवाला बसतो, ज्याला कळायचं त्याला कळलं. पोरं चांगली आहेत, धंदा नवीन आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. पाचपैकी साडेतीन स्टार देतो, दीड कुठे गेला ते पुढे येईलच.

तर गोष्ट १६ फेब्रुवारी २०२५ ची, रविवार. मॅचच्या दिवशी इथे माणशी तीनशे रुपये कव्हर घेतात, ते खाण्यात वळते होतात, म्हणजे तसं फुकटच. सहा स्क्रीन आहेत, एक तर भिंतभर प्रोजेक्टर, साऊंड असा की छातीत धडधडतं. साडेसातला लिव्हरपूल-वुल्व्ह्ज सुरू झाली तेव्हा बसायला जागा नाही, लाल टीशर्टवाली पोरं जिन्यात उभी, त्यातली अर्धी इंजिनीरिंगची, एक जण तर आपल्या बायकोला आणि सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आलेला, बाळालाही लाल झबलं. मला आवडतं हे सगळं, खोटं कशाला बोलू. एकट्याने घरी लॅपटॉपवर बघण्यात ती मजा नाही.

पण मी आलो होतो दुसऱ्याच मॅचसाठी. त्याच दिवशी डब्लिनला अविवा स्टेडियमवर बोहेमियन्स विरुद्ध शॅमरॉक रोव्हर्स होती, आयर्लंडच्या लीगचा सगळ्यात मोठा डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची टक्कर, आणि नेहमीच्या चार-पाच हजारांच्या मैदानावर नाही तर नॅशनल टीमच्या स्टेडियमवर. मी २०१७ ते २०१९ नोकरीसाठी डब्लिनला होतो, त्यामुळे हा किडा. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, दादा, एक छोटा टीव्ही आहे ना कोपऱ्यात वॉशरूमजवळ, त्यावर माझ्या फोनवरून ही मॅच लावून दे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आयर्लंडचं तं क्रिकेट असते ना दादा?"

म्हटलं फुटबॉल पण असतं, १९२१ पासून लीग आहे त्यांची.

"मग कोणी बघून काहून नाही राहिलं?"

आता या प्रश्नाचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या कसं देणार, म्हणून इथे देतो, रिव्ह्यू थोडा लांबेल, ज्यांना फक्त खाण्याचं वाचायचंय त्यांनी खाली जावं.

डब्लिनमधले माझे घरमालक सत्तरीचे, मी त्यांना अंकल म्हणायचो, हाडाचे रोव्हर्सवाले. त्यांचं लहानपण मिलटाउनच्या ग्लेनमालुर पार्कच्या, म्हणजे रोव्हर्सच्या तेव्हाच्या ग्राउंडच्या, आजूबाजूला गेलेलं. त्यांचं म्हणणं, तेव्हा रविवारी चर्चहून घरी यायचं, जेवायचं आणि वडिलांचा हात धरून ग्राउंडवर जायचं, दुसरं काही करायचं असतं हेच माहीत नव्हतं. रोव्हर्सनी १९६४ ते १९६९ सलग सहा वर्षं कप जिंकला, म्हणजे लीगहून वेगळी, हरला की बाहेर अशी स्पर्धा. १९६८ च्या कप फायनलला डॅलीमाउंट पार्कवर ३९,१२८ माणसं होती, आणि त्याच मैदानावर १९४५ ची रोव्हर्स-बोहेमियन्स फायनल बघायला ४४ हजारांवर आली होती. देश केवढा, तर तेव्हा सगळा मिळून तीस लाखांच्या आसपास लोक. आता हिशोब करा.

मग गेले कुठे सगळे? सगळे म्हणतात टीव्ही. खरं आहे, पण अर्धं. साठच्या दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या घरांवर उंच उंच अँटेना लागले, बीबीसी पकडायला. मग शनिवारी रात्री इंग्लंडच्या मॅचचे हायलाइट्स घरात बसून दिसायला लागले. शनिवारी रात्री मँचेस्टर युनायटेडचा जॉर्ज बेस्ट बघितला की रविवारी दुपारी चिखलात घसरणारे आपलेच गल्लीतले खेळाडू, ज्यातला एक जण उद्या तुमच्या ऑफिसात टपाल घेऊन येणार आहे, ते कसे दिसणार? त्यात १९८३ पासून इंग्लंडची लीग थेट दिसायला लागली, आणि त्यातल्या बऱ्याच मॅचेस नेमक्या रविवारी दुपारी. पाहुणा येऊन बरोबर आपल्याच पाटावर बसला. आयर्लंडच्या क्लबांनी हळूहळू आपल्या मॅचेस शुक्रवार रात्रीवर नेल्या, २००३ ला तर अख्खा सीझनच हिवाळ्यातून उचलून उन्हाळ्यात नेला.

गर्दी परत आणायला क्लबांनी सत्तरच्या दशकात जे केलं ते ऐकून मी हसत सुटलो होतो. ज्यांच्यामुळे लोक घरी बसले त्यांनाच बोलावून आणलं! जॉर्ज बेस्ट कॉर्क सेल्टिककडून काही मॅचेस खेळून गेला, बॉबी चार्ल्टन वॉटरफर्डकडून, आणि वर्ल्ड कप जिंकलेला गोलकीपर गॉर्डन बँक्स सेंट पॅट्रिक्सकडून एक मॅच. आले, लोक जमले, गेले, लोकही गेले. १९७९ ला कॉर्क सेल्टिक लीगमधूनच बाहेर झाला. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्राला मुंबईचा गायक आणतात तसं, दुसऱ्या दिवशी मांडवात फक्त खुर्च्या.

पण अंकलचा राग टीव्हीवर नव्हताच, मालकांवर होता. १९८७ ला रोव्हर्सच्या मालकांनी ग्लेनमालुर पार्क विकून टाकलं. क्लबची टीम चालू, पण ग्राउंड बिल्डरला. टीम टोल्का पार्कला भाड्याने खेळायला गेली तर अंकलसारखे रोव्हर्सवाले पोस्टर घेऊन गेटबाहेर उभे, आत कोणी जायचं नाही म्हणून. अंकल सांगायचे, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच टीमची मॅच रिकामी जावी म्हणून मी थंडीत उभा राहिलो. जमीन गेली ती गेलीच, आज तिथे घरं आहेत आणि रस्त्याच्या कडेला एक स्मारकाचा दगड. रोव्हर्स त्यानंतर २२ वर्षं या मैदानावरून त्या मैदानावर भाडेकरूसारखे फिरले, २००९ ला टॅलाटला स्वतःचं म्हणावं असं स्टेडियम मिळालं, तेही कौन्सिलचं. दोन पिढ्या गेल्या ना मधे. ज्या पोराला बाप हात धरून ग्राउंडवर नेऊ शकला नाही तो पोरगा कुठे गेला, तर लिव्हरपूलला. अंकलचा स्वतःचा मुलगा स्वस्तातलं विमान पकडून शनिवारी सकाळी लिव्हरपूलला जायचा, रात्री परत. घरात दोघांचं फुटबॉलवर बोलणंच नव्हतं.

आणि मजा म्हणजे हे सगळं चालू असताना यांची नॅशनल टीम एकदम जोरात, १९८८ चा युरो, १९९० च्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, अख्खा देश रस्त्यावर. लीगला त्यातलं काही मिळालं नाही, कारण टीम बनलेली बहुतेक इंग्लंडमध्ये खेळणाऱ्यांची. चांगला पोरगा सोळाचा झाला की बोट नाहीतर विमान. शेमस कोलमनला एव्हर्टनने २००९ ला स्लायगो रोव्हर्सकडून ६० हजार पौंडात नेलं, साठ हजार, आणि पुढे तो त्यांचा कॅप्टन झाला! असा माल गेटवर विकायचा सोडून घाऊकात देऊन टाकला तर दुकानात गिऱ्हाईक कशाला येईल.

सगळीकडे मात्र रडगाणं नव्हतं, हेही सांगायला हवं. १९८५ ला डेरी सिटी या लीगमध्ये आली, सीमेपलीकडून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून, तिकडच्या दंगलींच्या गडबडीत तेरा वर्षं सिनियर फुटबॉलच बंद पडलेलं गाव, आणि ते लोक बसेस भरभरून अवे मॅचला जायचे. म्हणजे त्याच दशकात, तेच टीव्ही, तेच इंग्लंड, तरी ग्राउंड भरत होतं. म्हणून मी म्हटलं टीव्ही अर्धंच.

मी स्वतः डॅलीमाउंटला गेलो २०१८ ला, ऑफिसातल्या एकाबरोबर. अंकलना सांगितलंच नाही, बोहेमियन्सचं ग्राउंड ना. दोन-अडीच हजार लोक असतील. एका बाजूच्या पायऱ्या कायमच्या बंद, त्यात गवत उगवलेलं, एका गोलमागे शॉपिंग सेंटरची पाठ, चारही कोपऱ्यांत फ्लडलाइटचे जुने मनोरे, स्टँडखाली बार. याच ठिकाणी १९७२ ला पेले खेळून गेला आणि १९८० ला बॉब मार्ली गाऊन गेला यावर विश्वास बसत नाही, पत्र्यावरून पाणी गळत होतं आमच्या. चिप्स व्हिनेगरने भिजलेले. पण बॉल लागलेला आवाज ऐकू येतो, लेफ्ट बॅकला मागून एक काकू नावाने हाक मारून शिव्या घालतात आणि तो वळून बघतो! सहा स्क्रीनवर हे नाही मिळत.

बरं, परत धरमपेठ. पोराने बिचाऱ्याने कोपऱ्यातला टीव्ही लावून दिला, आवाज बंद ठेवून, कारण बाकीचे ओरडतील. वीस मिनिटं सुखात गेली. स्टेडियम खच्चून भरलं नव्हतं पण कॅमेरा जिकडे फिरेल तिकडे माणसं, ३३,२०८ आकडा निघाला, या लीगच्या मॅचला कधी नव्हती एवढी. मला अंकलची आठवण आली. २०२३ च्या कप फायनललाही ४३,८८१ आले होते, म्हणजे १९४५ च्या आकड्याच्या जवळ यायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. आता काय बदललं, तर एक म्हणजे बोहेमियन्स क्लब सभासदांच्या मालकीचा आहे, ग्राउंड २०१५ ला कौन्सिलने घेतलं म्हणून बिल्डरच्या तावडीतून सुटलं. दुसरं, ब्रेक्झिटनंतर अठराच्या आतली पोरं इंग्लंडच्या क्लबांकडे जाऊ शकत नाहीत, मग ती आयर्लंडमध्येच खेळतात, आणि गल्लीतला पोरगा खेळत असला की गल्ली बघायला येते. इतकं साधं आहे ते.

तर मी तल्लीन झालेलो आणि एक लाल टीशर्टवाला वॉशरूमहून येताना म्हणतो, "कोणती मॅच आहे बे ही, चेंज कर ना, इथून प्रोजेक्टर दिसून नाही राहिला." आणि त्याने रिमोट उचलून चॅनल बदलला! मी काही बोलायच्या आत. काउंटरवरचा पोरगा मधे पडला नाही. तो एक स्टार तिथे गेला. उरलेली मॅच मी फोनवर बघितली, बोहेमियन्स १-० जिंकले, आणि माझ्या शेजारी कोणालाच काही फरक पडला नाही. साडेनऊपर्यंत लिव्हरपूल २-१ जिंकलं, पोरं टेबलं बडवत होती, मग टॉटेनहॅम-युनायटेडसाठी दुसरी बॅच आली.

त्या पोरावर चिडलो होतो, पण घरी येताना विचार केला, मी तरी कोण लागून गेलो. त्याच महिन्यात ६ तारखेला जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे होती, तिला मी तिकिटासाठी किती फोन फिरवले विचारू नका. आणि महिन्याच्या शेवटी त्याच जामठ्याला विदर्भ-केरळ रणजी फायनल होती, आपल्या शहरात रणजीची फायनल, दानिश मालेवारने १५३ मारले, आपण तिसऱ्यांदा चॅम्पियन झालो. मी एक दिवस गेलो, तेही दुपारनंतर, आणि पाय पसरून समोरच्या सीटवर ठेवून बसलो, कोणी उठवायलाही आलं नाही. यशवंत स्टेडियमवर नागपूरच्या फुटबॉल लीगची शेवटची मॅच मी कधी बघितली आठवत नाही. बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे, कामठीची टीम असली की त्यांचे लोक ढोल घेऊन यायचे, रब्बानी क्लबवाले विशेषतः. त्या पोराला आयर्लंडचं लेक्चर देणारा मी, मला आज नागपूरच्या लीगमध्ये कोण वर आहे विचारलं तर तोंड उघडणार नाही.

असो, खाणं. तर्री फ्राईज नावाचा प्रकार आहे, फ्राईजवर चण्याची तर्री आणि वरून शेव, ऐकायला भंगार वाटतं पण घ्याच, १६० रुपये, दोघांत पुरतं. फक्त लगेच खा, दहा मिनिटांनी सगळं लगदा. चिकन सावजी रोल मसाला बरोबर पण पोळी मैद्याची, जाड. पिझ्झा मागवू नका. कॉफी मशीनची आहे म्हणतात, मला पावडरची वाटली. सर्व्हिस हाफटाइमला कोलमडते, सगळ्यांची ऑर्डर एकदम आणि किचनमध्ये दोनच माणसं, माझा रोल सत्तराव्या मिनिटाला आला. राहिलेला अर्धा स्टार तो. वॉशरूम स्वच्छ, हे मोठं काम. पार्किंग खाली अजिबात नाही, गाडी गल्लीत आत लावा, मेन रोडवर उचलून नेतात.

कोपऱ्यातल्या टीव्हीजवळचं टेबल मिळालं तर भिंतीकडची खुर्ची घेऊ नका, वर एसी आहे, पाणी टपकतं.