‘इम्पोर्टेड’ बाटलीत निघाली गेटची सिल्व्हर

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमान-गाड्यांच्या छोट्या प्लास्टिक प्रतिकृती, करणारे मोजकेच. मेटॅलिक रंग मुंबई-पुण्याहून नाहीतर कुरिअरने मागवावे लागतात. ही अडचण हेरून एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवरून ३० मिलीच्या बाटल्या विकल्या, बहुतेक काचेच्या. लेबलवर ‘क्रोम’, ‘ॲल्युमिनियम’, ‘गोल्ड’ आणि खाली ‘इम्पोर्टेड, थेट एअरब्रशमध्ये’ (एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेनासारखं साधन). बाटलीमागे ४५० रुपये, पैसे आधी यूपीआयने. चौघांत मिळून अकरा बाटल्या आल्या. त्यांत काय निघालं ते लिहीत आहोत, कारण त्याच बाटल्या आता दुसऱ्या नंबरवरून विकल्या जात आहेत.

तक्रार केली की उत्तर तयार. दाणेदार आलं? ‘भाऊ, तुमचं प्रेशर जास्त आहे.’ बोटाला चंदेरी लागतं? ‘क्रोम असंच असतं.’ पृष्ठभाग खरखरीत झाला? ‘तुमच्याकडचं ऊन, रंग हवेतच वाळतो.’ यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे आणि घात तिथेच होतो. अल्क्लॅड या नावाजलेल्या ब्रँडचं अस्सल क्रोमसुद्धा चकचकीत काळ्या बेसवर, १२ ते १५ पीएसआय इतक्या हवेच्या दाबाला, अगदी पातळ हातानेच बसतं. ते हाताळलं की मंद होतं आणि वर क्लिअर (पारदर्शक संरक्षक थर) मारलं की आरशासारखी चमक जाते. मे महिन्यात ४४ अंशांच्या दुपारी कुठलंही लॅकर प्लास्टिकपर्यंत पोचेतो अर्धं सुकतं. त्यामुळे माणूस बाटलीवर संशय घेत नाही, स्वतःच्या हाताला दोष देतो. बेस पुन्हा घासतो, नोझल बदलतो, त्यात पंधरा दिवस जातात आणि तोवर समोरचा नंबर बंद झालेला असतो.

म्हणून आधी हाताचा दोष बाजूला काढायचा. किटचा जाड स्प्रू (सुटे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी) घ्या, चकचकीत काळा रंग मारून २४ तास वाळू द्या. सकाळी सातच्या आत, एकाच एअरब्रशने, एकाच प्रेशरला अर्ध्या भागावर संशयित रंग मारा आणि अर्ध्यावर खात्रीची सिल्व्हर, उदाहरणार्थ तामियाची एलपी-११, तिच्याच थिनरमध्ये नीट पातळ करून. चाचणीसाठी ‘क्रोम’ घेऊ नका, साधं ‘ॲल्युमिनियम’ घ्या. क्रोम नाजूक असतं ही सबब तिथे चालत नाही. दोन्ही बाजूंना हात तोच, हवा तीच, प्रेशर तेच. तरी एकच बाजू बिघडली तर दोष बाटलीचा.

आता आत काय होतं ते. बहुतेक बाटल्यांत लोखंडी गेटला आणि ग्रिलला मारतात तीच तेलाची सिल्व्हर होती, टर्पेंटाइन घालून पातळ केलेली. या रंगातला ॲल्युमिनियमचा वर्ख तरंगून वर येतो आणि पृष्ठभागावर पसरतो. ओली असताना ती दिसते झकास, फोटोत तर अस्सल क्रोमच वाटते. पण वरचा वर्ख रंगात नीट बांधलेला नसतो. २४ तासांनी कानातल्या कापसाच्या काडीने दहा वेळा घासलं तर कापूस राखाडी होतो. वर क्लिअर मारलं की वर्ख ढवळला जाऊन चमक मरते आणि उरतो शिशासारखा करडा रंग. मास्किंग टेप काढली तर टेपच्या चिकट बाजूला पूर्ण पॅनेलचा चंदेरी ठसा उमटलेला दिसतो.

दोन बाटल्यांत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगची सिल्व्हर होती, एन.सी. (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरमध्ये. ही गाडीवर उत्तम दिसते, कारण गाडी खऱ्या मापाची असते. तिच्यातला ३० मायक्रॉनचा कण १/७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या) मॉडेलवर बसला की खऱ्या विमानावर २ मिलिमीटरहून मोठी टिकली चिकटवल्यासारखं होतं. सराफांकडचं १० पटीचं भिंग लावा, सुटे चमकणारे ठिपके लगेच दिसतात. चांगल्या मॉडेल-मेटॅलिकमध्ये त्या भिंगातून पत्रा अखंड दिसतो. ओझरला बनलेल्या मिग-२१ सारखं उघड्या धातूचं विमान करताना हा फरक झाकता येत नाही.

एन.सी. थिनरचं नुकसान याहून वाईट. तो पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिकच, विरघळवतो. उघड्या स्प्रूवर एक थेंब टाकून थोड्या वेळाने नखाने टोकरा, प्लास्टिक मऊ लागतं. पंखावर जाड हात पडला तर बारीक भेगांची जाळी उठते. ती ८०० पासून १५०० पर्यंतच्या पॉलिशपेपरने ओलं घासून काढता येते, पण पॅनेल लाइनही (पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषा) सोबत जातात आणि सुईने नव्याने कोराव्या लागतात. कॅनॉपीवर (वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर) गेला तर ती कॅनॉपी वाया.

‘गोल्ड’ म्हणजे तांबं-जस्ताची पूड. माध्यमात आम्ल असलं की ती हिरवट पडते, आणि महिन्याभरात तसंच झालं.

सराफ बाजाराच्या गावात पिवळं दिसलं म्हणून कुणी सोनं घेत नाही, कसाला लावून घेतो. बाटलीच्या बाबतीत तो कस आधी लेबलावर लावता येतो. आयात करून विकलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं. मूळ लेबलवर नसेल तर वेगळं स्टिकर हवं. या बाटल्यांवर यातलं काहीच नव्हतं. ते आधी बघितलं असतं तर पैसे गेले नसते. लॅकर ज्वलनशील असतं, त्यामुळे ‘साध्या पार्सलने विमानाने दोन दिवसांत’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. मॉडेलचे फोटो नको, बाटली हलवून उघडतानाचा व्हिडिओ मागा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. मालाबद्दलची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर होते. पुढे जायचं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. चॅट, यूपीआयची पावती आणि निम्मी भरलेली बाटली जपून ठेवा.

यातल्या ‘वॉटर-बेस’ म्हणून दिलेल्या एका प्लास्टिकच्या बाटलीची मात्र काळजी घ्या. संरक्षक लेप नसलेली ॲल्युमिनियमची पूड पाण्यात घातली की हायड्रोजन वायू सुटू शकतो, उन्हाळ्यात आणखी वेगाने. ती फुगलेली दिसली तर घरात, गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ उघडू नका. अंगणात, तोंड बाजूला करून, झाकण पाव आटा सैल करा, फुसफुस थांबेपर्यंत तसंच राहू द्या आणि पुन्हा घट्ट लावू नका.