साखर पेठेतला उलटा हत्ती

तेहतीस वर्षं मी जॅकार्ड मागाचे पुठ्ठ्याचे पत्ते पंच केले. सोलापुरी चादरीवर जो मोर दिसतो, तो आधी आमच्या टेबलावर नुसती भोकं असतो. ग्राफवरचा एकेक रंगवलेला चौकोन बघायचा आणि पुठ्ठ्याला भोक पाडायचं किंवा सोडून द्यायचं. भोक असलं की ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, नसलं तर खालीच राहतो. बाण्याच्या एका आडव्या धाग्याला एक पत्ता, असे शेकडो पत्ते दोऱ्यानं ओवले की मोर. १८०४ सालची फ्रान्समधल्या जॅकार्डची युक्ती. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर गेलंय, आणि मी घरी. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की कागदाला भोकं पाडणाऱ्याचं मला उगाच कौतुक वाटत नाही.

नातीच्या वाढदिवसाला काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून सूनबाईनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. माळढोक होता. पण डोक्यावर भुईमुगाचं रोप उगवलेलं, आणि मुळं खाली चोचीतून लोंबणारी, प्रत्येक मुळाला शेंगा. सगळं एका काळ्या कागदातून कातरलेलं. आमच्याच सोलापुरात, साखर पेठेत एक मुलगी करते म्हणाली. मला आधी खोटं वाटलं. मशीनचं असेल म्हटलं.

पाटीबिटी काही नाही. खाली शिलाईचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर एक खोली. मे महिन्यात दुपारी तीनला गेलो, ती माझीच चूक. आत शिरल्या शिरल्या सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात गेला तर पोरगी ओरडलीच, "ओ काका, पंखा नको!" टेबलावर नखाएवढी पिसं कातरून ठेवलेली होती. बाहेर ४३ डिग्री आणि आत वाऱ्याचा पत्ता नाही. ती म्हणाली, बारीक काम पहाटे पाचला बसून करते, दुपारी नुसती चित्रं काढते.

भिंतीवर बघत बसलो. मागाच्या शटलसारखं टोकदार तोंड असलेला मासा, पोटातून धागा सोडत चाललेला. पाठीवर अख्खं घर आणि घराच्या खिडकीत दुसरी छोटी गोगलगाय असलेली गोगलगाय. खारीच्या शेपटीचा रेडा. एक गिऱ्हाईक बाई नाक मुरडून म्हणत होत्या, असले प्राणी कुठं असतात का? मनात म्हटलं, आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर बघा की. शरभ कोरलेला असतो, पंजाखाली हत्ती दाबून धरलेला. दोन तोंडांचा गंडभेरुंड, देवळाच्या चौकटीवरचं कीर्तिमुख. कुणी जंगलात पाहिलेत? पण दगडावर असलं की इतिहास आणि कागदावर असलं की पोरखेळ, असं आपलं चालतं.

एका कोपऱ्यात लाल कागदाची चिनी कातरण होती, ती मात्र तिची नव्हे, विकत आणलेली. उत्तर चीनमध्ये नव्या वर्षाला खिडक्यांना असे लाल कागद चिकटवतात, आणि २००९ साली ती कला युनेस्कोच्या यादीतही गेली. मी म्हटलं, आपले डॉक्टर कोटणीस १९३८ साली गेले ते तिकडेच की. तिचं ते आधीच ओळखीच्या सगळ्यांना सांगून झालेलं होतं, त्यामुळं माझी हौस तिथंच संपली. मथुरेची सांझीही तिला ठाऊक होती, रांगोळीसाठी कातरलेले कागदी साचे. पण तिची स्वतःची पद्धत कात्रीची नाही, अकरा नंबरच्या ब्लेडची. हातातलं ब्लेड फारसं हलत नाही, डाव्या हातानं कागद फिरतो. आधी आतली बारीक नक्षी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. एकदा कड सुटली की कागदात जोर राहत नाही.

आता ऑर्डरचं. मी नातीला घेऊन दुसऱ्यांदा गेलो, या खेपेला सकाळी. वही घेऊन ती मुलगी खाली चटईवर बसली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे प्रश्न सात वर्षांच्या पोरीला.

"कोण हवाय?"

"हत्ती. पण कान वटवाघळाचे."

"उडतो का?"

"नाही. जड आहे ना."

"मग झोपतो कसा?"

नातीनं थोडा विचार केला. "उलटा. शेपटीनं लटकून. पण त्याला अंधाराची भीती वाटते, म्हणून सोंडेत चंद्र धरतो."

मला घाम फुटला तो तेव्हा. बाकी सगळ्यांना हे गोड वाटेल, मला फक्त शेपटी दिसत होती. सगळा हत्ती एकाच बारीक पट्टीवर लटकणार, म्हणजे फ्रेममध्ये घालतानाच तुटणार. कागद कातरताना कौशल्य काय कापलं यात कमी आणि काय जोडलेलं ठेवलं यात जास्त. सांधा सुटला की तुकडा हातात. मी तसं बोललोही. ती नुसती "बघू काका" म्हणाली.

पंधरा दिवस सांगितले होते, छत्तीस लागले. वाढदिवस रिकाम्या हातानं गेला. फोन केला की "झालंच", आणि दोनदा तर फोन उचललाच नाही. नात दोन दिवस घुश्श्यात होती, आणि बोलणी मला बसली. हा माझा पहिला राग, तो इथं लिहितोच. नंतर कळलं की अकराव्या दिवशी सोंडेपाशी ब्लेड घसरलं आणि तिनं सगळं पहिल्यापासून केलं. आमच्याकडे चुकीचं भोक पडलं तर वरून कागदाचा तुकडा चिकटवून बुजवायचे. हिला ते चालत नाही. फाटलेला हत्ती तिनं फाइलमधून काढून दाखवला, तोही मला चांगलाच वाटला. पण मग तसं फोनवर सांगायला काय झालं होतं?

आलेलं काम मात्र बघण्यासारखं. चिंचेच्या फांदीवरून हत्ती उलटा लोंबतोय. शेपटी बारीकच आहे, हट्टानं बारीक ठेवलीय. पण दोन्ही कान पसरून वर फांदीला जाऊन टेकलेत आणि कानातल्या शिरा चिंचेच्या पानांत कुठं मिसळतात ते भिंग लावल्याशिवाय कळत नाही. मी भिंग लावलं. एका कानात सत्तेचाळीस सांधे मोजले, त्यातले काही दोऱ्याएवढे. सगळं वजन कानांवर आहे आणि बघणाऱ्याला वाटतं शेपटीवर आहे. तेहतीस वर्षांत मी इतकी लबाडी एकदाही केली नाही.

आणि चंद्र म्हणजे नुसतं गोल भोक. सोंडेच्या टोकाला एक वर्तुळ काढून टाकलंय, बस. मागं पांढरा कागद असल्यानं ते उजळतं.

ए फोर आकाराच्या कामाचे २,२०० रुपये घेतले. हातकामाला जास्त नाहीत. फ्रेम वेगळी, आणि इथं माझं ऐका: तिच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे देऊ नका. त्यानं काच थेट कागदावर दाबून बसवली. सगळी नक्षी चपटी, छापल्यासारखी. मी दुसरीकडे जाऊन काच आणि कागदामध्ये अर्धा इंच पट्टी घालून घेतली, तेव्हा कुठं मागच्या कागदावर हत्तीची सावली पडायला लागली. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, काळा रंग उडतो. हे तिनंच सांगितलं.

दुसरा राग बुकमार्कचा. दाराजवळच्या टोपलीत १२० रुपयांचे बुकमार्क ठेवलेत, तेच मासे, तेच रेडे. मी एक उचलून कडेचा वास घेतला. जळका. कडेला बारीक तपकिरी रेघ. लेझर. विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "हो काका, ते मशीनवरचे, त्यावरच भाडं निघतं." खोटं बोलली नाही, पण मी वास घेतला नसता तर? शेजारी हातानं कातरलेले लटकत असताना गिऱ्हाईक तेच समजणार. एक चिठ्ठी लावायला सांगून आलोय. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा लावलेली नव्हती.

गेलो होतो ते शटलमाशासाठी. जुन्या कारखान्यातल्या एका मित्राची साठी आहे. साठी दोन महिन्यांनी आहे, पण तिला तारीख मी पंधरा दिवस आधीची सांगितली.

हत्ती आता नातीच्या पलंगासमोर आहे. पहिल्याच रात्री दिवा घालवल्यावर तिनं हाक मारली. "ताता, चंद्राला भोक पडलंय."

मी म्हटलं, भोकच चंद्र आहे. तिला पटलं नाही. सकाळी उठून बघतो तर काचेवर, बरोबर त्या वर्तुळावर, लाडवाच्या डब्याचं सोनेरी स्टिकर. काढलेलं नाही.